सव्वीस वर्षांतली एक चूक

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाकुणाला मारलं याची यादी सासूबाईंना तोंडपाठ आहे, आणि कुणी कुणी त्यांना मारलं याची यादी सासऱ्यांच्या अंगावर आहे. डाव्या भुवईवर अर्ध्या इंचाची खूण, ती कंदिलाच्या काचेची. गळ्यावर दोरी काचल्यासारखा वळ. उजवा हात कोपरापाशी असा तिरका जुळलेला, की त्यांनी कप उचलला की चहा आधी शेजारच्याला मिळतो. एवढा मार खाल्लेला आणि दिलेला माणूस बोलतो मात्र इतका मऊ, की लग्न ठरवायला गेलो तेव्हा मला वाटलं, हे टपाल खात्यातले असणार.

"सांधेवाला होतो," ते म्हणाले.

मी "अरे वा" म्हणालो. सांधेवाला म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. ते त्यांना लगेच कळलं, आणि पुढचे दोन तास मुलगी राहिली बाजूला, मी रेल्वे पाहून आलो.

सांधेवाला म्हणजे लीव्हर ओढून गाडी कुठल्या रुळावर जायची ते ठरवणारा माणूस. शिवाय सिग्नल पाडून गाडीला वाट द्यायची, कंदील पुसायचे, दिव्यात तेल घालायचं, फलाटावर बसलेलं कुत्रं उठवायचं. थोडक्यात, स्टेशन मास्तर जे करत नाहीत ते सगळं. आणि त्या स्टेशनातले मास्तर सहीपलीकडे काही करत नसत.

ते स्टेशन आता बंद आहे. एकदा सासरे मला दाखवायला घेऊन गेले होते. रूळ उचलून नेलेत, खडीचा पट्टा तेवढा शिल्लक आहे. मास्तरांच्या खोलीची कौलं गेली, दाराच्या चौकटी गेल्या, तिकीट खिडकीचे गज कुणीतरी वाकवून काढून नेलेत. दिव्यांच्या खोलीत एक झाड वाढलंय आणि त्यानं मागची भिंत बाहेर ढकललीय. सासऱ्यांनी त्या झाडाला, खोलीत घुसलेल्या माणसाला द्यावी तशी एक शिवी दिली. मग म्हणाले, "हे स्टेशन मी बंद पाडलं."

त्यात काही खोटं नाही. ते कसं, तेच सांगायचंय.

मार्ग एकेरी होता. दोन्हीकडच्या गाड्या त्याच रुळांवरून धावायच्या, त्यामुळे समोरासमोर धडक होऊ नये म्हणून एक व्यवस्था होती. मास्तरांच्या खोलीत लाल रंगाचं लोखंडी यंत्र. पुढच्या स्टेशनच्या मास्तरांनी घंटा वाजवून होकार दिला की त्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा, मुठीत मावेल न मावेल एवढा. तो ज्या ड्रायव्हरच्या ताब्यात, त्यालाच पुढं जायची परवानगी. गोळा नाही तर गाडी हलणार नाही, मग आत मंत्री बसलेला असो नाहीतर मंत्र्याची सासू.

थांबणाऱ्या गाडीला गोळा देणं सोपं. पण दोन चाळीसची मेल तिथं थांबायची नाही. मग गोळा कातडी पिशवीत घालून, ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून, ते कडं हातानं उंच धरून फलाटाच्या टोकाला उभं राहायचं. धडधडत येणाऱ्या इंजिनातून फायरमन बाहेर झुकायचा, कड्यात हात घालायचा आणि खेचून न्यायचा. त्याच वेळी मागच्या स्टेशनचं कडं खाली फेकायचा. ते कुठं बसेल हे त्याच्या नेमावर आणि त्या दिवशीच्या त्याच्या बायकोशी झालेल्या भांडणावर अवलंबून. मांडीवर, छातीवर, एकदा सरळ तोंडावर. दोन दात त्याच फलाटावर पडले. सासऱ्यांनी ते उचलून खिशात ठेवले, मेल जाऊ दिली, सिग्नल परत वर केला आणि मग खाली बसले.

असं रोज, सव्वीस वर्षं. वाफेचं इंजिन, धूर, घाम, पाऊस. एकदाही कडं चुकलं नाही. हात वर करून ते इतके निश्चल उभे राहायचे की सगळे त्यांना खांब म्हणायचे. मेलचे ड्रायव्हर म्हणे नव्या फायरमनला सांगत, तिथं डोळे मिटून हात बाहेर काढ, कडं आपोआप येईल.

मास्तरांचं आणि खांबाचं अकरा वर्षं भांडण होतं. कारण कंदिलाच्या वातीचं. मास्तर म्हणत वात जास्त जळते, हा म्हणे दिवा आहे, जळायलाच लावलाय. बोलता बोलता एकदा मास्तरांनी कंदील फेकून मारला. भुवईची खूण तीच. खांबानं मास्तरांना उचलून पार्सलच्या वजनकाट्यावर आपटलं आणि वर वजन वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बाकावर बसून चहा पीत होते, एकाच्या कपाळाला पट्टी, दुसऱ्याच्या पाठीला शेक. मास्तर तेवढं म्हणाले, "खांब्या, तू एक दिवस चुकणार. मी तेव्हा खुर्ची टाकून बघणार."

त्या आडरानात स्टेशन कशाला होतं? खाणीसाठी. मैलभरावर दगडाची खाण होती. तिथली खडी मालगाडीच्या वाघिणींतून जायची. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं त्या खाणीत दगड फोडायची. मालक कुठंतरी लांब शहरात. खाण चालवायचा मुकादम. या मुकादमाला एकच भाषा येत होती आणि ती पहारीनं बोलायची. उशिरा आला, मार. बसला, मार. का मारलं असं विचारलं, तर पुन्हा मार. त्याच्याबरोबर कायम चार धटिंगण असायचे, त्यांना कामच ते. संध्याकाळच्या पॅसेंजरला डोकं फुटलेला एक तरी माणूस असायचाच, आणि सासूबाई त्याला हळद लावून, चार शब्द सुनावून गाडीत बसवायच्या.

सुरुंग पेटवण्याआधी भोंगा वाजवायचा नियम होता. एका दुपारी वाघिणी भरायला उशीर झाला म्हणून मुकादमानं भोंग्याशिवाय सुरुंग पेटवायला लावला. खाणीच्या दगडी कड्याखाली दोन भाऊ काम करत होते. दोघंही गेले. त्यांचा मेहुणा धावत आला आणि त्यानं मुकादमाची गचांडी धरली. मुकादमानं पहार उचलली आणि सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यात घातली. एकदा नाही, तो हलायचा थांबेपर्यंत. मग तिसरं प्रेत त्या दोघांच्या शेजारी दगडाखाली सरकवलं आणि कागदावर लिहिलं, अपघात, तीन ठार.

साठ माणसांनी पाहिलं. साठ जणांच्या घरी धटिंगण जाऊन आले, आणि साठही जणांना काही दिसलं नव्हतं. एकसष्टावा होता सुरुंगवाला. वात पेटवणारा हात त्याचा होता, आणि ते त्याला गिळवत नव्हतं. तो शहरात जाऊन तक्रार देऊन आला. कोर्टाची तारीख लागली. तारखेच्या दोन दिवस आधी मुकादमाची माणसं त्याला शोधत घरोघर फिरायला लागली. त्याच्या झोपडीचं दार त्यांनी कुऱ्हाडीनं फोडलं, आत म्हातारा बाप होता, त्याचे दोन्ही पाय मोडले.

सुरुंगवाला तेव्हा स्टेशनच्या दिव्यांच्या खोलीत रॉकेलच्या डब्यांमागं बसला होता. खांबानं त्याला कोंडून बाहेरून कुलूप लावलं होतं. सासूबाई डब्यातून जेवण पोचवायच्या. त्या अजून सांगतात, "माणूस जीव मुठीत धरून बसला होता म्हणे. पण दुसऱ्या मुठीत घास. मरणाच्या भीतीनं एवढी भूक लागते हे मला माहीत नव्हतं."

आता प्रश्न एकच होता. परवा सकाळी अकराला या माणसाला शहरातल्या कोर्टात जिवंत उभं करायचं. तो पोचला नाही तर खटला तिथंच संपला, आणि मग तोही संपला. रस्त्यावर धटिंगण, सकाळच्या पॅसेंजरला धटिंगण, संध्याकाळच्या पॅसेंजरलाही. फलाटावर मुकादमानं स्वतः खुर्ची टाकली होती. फक्त दोन चाळीसच्या मेलवर पहारा नव्हता. न थांबणाऱ्या गाडीवर कोण कशाला नजर ठेवेल?

सिग्नल लाल ठेवून मेल थांबवता आली असती. पण सिग्नल मास्तरांच्या हुकमानं चालतो, मास्तरांना विचारावं लागलं असतं, आणि आदल्याच दिवशी एका धटिंगणानं मास्तरांच्या थोबाडीत देऊन त्यांचा चष्मा पायाखाली चुरडला होता. शिवाय लाल सिग्नल पाहिला की मेल फलाटाच्या अलीकडे थांबणार, मुकादमाच्या डोळ्यांसमोर. खांबाला मेल पुढं गेल्यावर थांबायला हवी होती. फलाट सोडून, वळणापलीकडच्या मोरीपाशी.

त्यासाठी एकच गोष्ट करायची होती. चुकायचं.

"रात्रभर हात बघत बसले होते," सासूबाई सांगतात. "मी म्हटलं, अहो, तो हात तुटणार नाहीये. म्हणाले, त्यापेक्षा तुटलेला परवडला."

फटफटायच्या आधी सुरुंगवाला रुळांकडेच्या नाल्यातून रांगत मोरीखाली जाऊन बसला. दुपारी दोन पस्तीसला खांबानं मास्तरांकडून गोळा घेतला. मास्तर दारात उभे. मुकादम खुर्चीवर पाय लांब करून बसलेला, चार धटिंगण बाकावर. उन्हानं फलाट पोळत होता. मेल आली, शिट्टी झाली, फायरमन बाहेर झुकला. खांबानं हात वर केला, कडं त्याच्या हाताच्या रेषेत आणलं, आणि शेवटच्या क्षणाला थोडं खाली घेतलं. फायरमनच्या हातात हवा आली. मागच्या स्टेशनचं कडं मात्र खांबाच्या छातीवर सणसणीत बसलं. इंजिनातून आरोळी आली, ब्रेकचा किंकाळल्यासारखा आवाज आला, आणि अख्खी मेल ठिणग्या उडवत वळणापलीकडे जाऊन उभी राहिली.

आता नियमाप्रमाणं सांधेवाल्यानं गोळा घेऊन इंजिनापर्यंत धावायचं. खांबानं ठरवलं होतं, रमतगमत धावू, तेवढ्यात सुरुंगवाला गार्डच्या डब्यात चढेल. त्यानं कडं गळ्यात घातलं आणि निघाला. पन्नास पावलं गेला असेल, मागं खुर्ची पडल्याचा आवाज आला. मुकादम मूर्ख नव्हता. ज्याचा हात सव्वीस वर्षांत चुकला नाही तो नेमका आज चुकतो, हे कोडं त्याला तेवढ्या वेळात सुटलं होतं. "गाडी धरा," तो म्हणाला, आणि चारही जण सुटले.

सगळा डाव उलटा झाला. गोळा इंजिनात पोचेपर्यंत मेल हलू शकत नव्हती. उशीर करायला निघालेल्या माणसाला आता जीव खाऊन पळायला लागलं, आणि तेही चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांनी, खडीवरून, छातीच्या दोन फासळ्या दुखावलेल्या असताना. सासरे सांगतात, "त्या दिवशी कळलं, मेल किती लांब असते. इतकी वर्षं ती आपणहून पुढं जायची ना."

इंजिन चाळीस पावलांवर असताना पहिल्यानं गाठलं आणि मागून कडं धरून खेचलं. वेत गळ्यात रुतला, डोळ्यांपुढं काळं झालं. खांब तसाच मागं फिरला आणि जे तोंडापाशी आलं त्याला चावला. तो कान होता. वरचा तुकडा तुटून आला. तो माणूस जनावरासारखा ओरडला आणि कडं सुटलं. दुसऱ्यानं गुडघ्यावर दांडका घातला. तिसऱ्यानं पाठीत. खांब खाली पडला, तोंडात माती, रक्त आणि परक्याचा कान. डब्यांच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. कुणी खाली उतरलं नाही, पण एका बाईंनी जेवणाचा भरलेला डबा असा नेमानं फेकला की चौथा धटिंगण भुईवर बसला तो बराच वेळ उठला नाही. सासरे म्हणतात त्या बाईंना फायरमन करायला हवं होतं.

इंजिनातला फायरमन कोळशाचं फावडं घेऊन उडी मारून आला. त्यानं एकाचा खांदा मोडला, पण तेवढ्यात दुसरा त्याच्या अंगावर गेला. खांबानं पडल्या पडल्या पिशवी फाडली, गोळा बाहेर काढला आणि ओरडला, "झेल!" इतकी वर्षं तो दिला होता, त्या दिवशी फेकला. फायरमननं एका हातानं झेलला. ड्रायव्हर वरून खाली पाहत होता, या माणसाला सोडून कसं जावं म्हणून थांबला होता. मागं गार्डच्या डब्याचं दार आतून बंद झालेलं खांबाला दिसलं.

"गाडी काढ!" तो म्हणाला. "काढ गाडी, नाहीतर मी कशाला मरतोय इथं?"

फायरमन वर चढला. मेल सुटली.

मुकादम सावकाश चालत आला. गाडीच्या शेवटच्या डब्याकडे त्यानं एकदा पाहिलं. खांबाचा उजवा हात रुळावर आडवा धरायला लावला आणि कोपरावर पहार घातली. आवाज मास्तरांना फलाटावर ऐकू आला. मग ते सगळे निघून गेले. मास्तर आणि सासूबाईंनी त्याला हातगाडीवर घालून आणलं. पार्सलची हातगाडी, तिची चाकं कधीच नीट फिरायची नाहीत. वाटेत मास्तर रडत होते आणि तो त्यांना सांगत होता, "मास्तर, रूळ सोडून चला, चार वाजून पाचची मालगाडी आहे."

दुसऱ्या दिवशी सुरुंगवाला अकराच्या ठोक्याला कोर्टात उभा राहिला. मुकादमाला जन्मठेप झाली. फासळ्या मोडलेली, पाय तुटलेली, डोकी फुटलेली माणसं मग एकेक करून बोलायला लागली.

इकडे रेल्वेची चौकशी बसली. मेल एकवीस मिनिटं उशिरा पोचली होती. साहेब मास्तरांच्या खोलीत त्याच लाल यंत्राशेजारी बसले. समोर खांब, हात गळ्यात बांधलेला. मुद्दाम गाडी थांबवली असं निघालं तर त्याच दिवशी नोकरी जाणार, राहतं घर जाणार, हे साहेबांनाही माहीत होतं आणि त्यालाही. साहेबांनी आधी मास्तरांना विचारलं. त्यांनी तर दारातून सगळं पाहिलं होतं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण समोर होता. मास्तरांनी फुटका चष्मा पुसला आणि सांगितलं, ऊन फार होतं, हात घामेजला होता, कडं निसटलं.

मग साहेब खांबाकडे वळले.

"चुकलो," तो म्हणाला.

एवढंच. सही डाव्या हातानं केली. त्याच्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं शेरा पडला, मेलला गोळा देण्यात कसूर. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपला. सासूबाई म्हणतात, हाड बसवताना ओरडला नव्हता, त्या दिवशी मात्र उशी चावली.

खटल्यानंतर दोन वर्षांत मालकानं खाण बंद केली. खडी नाही तर वाघिणी नाहीत, वाघिणी नाहीत तर स्टेशन कशाला? माणसांची चूल विझली आणि राग आला तो मुकादमावर नाही, खांबावर. तो तुरुंगात, हा समोर. त्यांच्या घरावर दगड पडायला लागले. ज्यांच्या फुटक्या डोक्याला सासूबाईंनी हळद लावली होती त्यांचेच दगड. त्या एकेक उचलून मागं रचून ठेवत आणि ओरडत, "अरे, खाणीतले आणा, हे भुसभुशीत आहेत." सासरे मात्र एक शब्द बोलले नाहीत. स्टेशन बंद झालं त्या दिवशी शेवटचा सिग्नल त्यांनी डाव्या हातानं पाडला आणि बदलीच्या गावी गेले.

आता ते आमच्याकडे राहतात. रोज सकाळी बागेत निवृत्त रेल्वेवाल्यांचा कट्टा जमतो. मागच्या महिन्यात मला चौकीतून फोन आला की तुमच्या सासऱ्यांनी एका गृहस्थाचा ओठ फोडलाय. सासऱ्यांचं वय वर्षं त्र्याहत्तर. मी धावलो.

गृहस्थ चौकीतल्या बाकावर बसले होते, ओठाला रुमाल. निवृत्त फायरमन, दुसऱ्याच मार्गावरचे. गप्पांत ते सांगत होते, की अमुक मार्गावर एकदा मेलला गोळाच मिळाला नाही, का तर सांधेवाला उभ्या उभ्या झोपला होता. पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही. चपराक डाव्या हाताची होती, पण पूर्ण बसली.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. गाव दगड मारत होतं तेव्हा गप्प बसलात, मी म्हणालो, मग आज काय झालं? आणि एवढं लागतं तर खरं काय ते सांगून का टाकत नाही?

"चुकलो म्हणून सही करून दिलीय," ते म्हणाले. "ती मोडायची नाही. पण झोपलो होतो असं मी कुठं लिहून दिलंय?"

फायरमननं रुमाल बाजूला केला. "म्हणजे तुम्हीच ते? आणि जागे होतात?"

"टक्क."

"हात वर होता?"

"होता."

तो म्हातारा बराच वेळ सासऱ्यांच्या वाकड्या कोपराकडे बघत राहिला. आयुष्यभर इंजिनातून झुकून कडी घेतलेला माणूस तो. त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही. तो उठला, हवालदाराला म्हणाला की तक्रार नाही, पाय घसरून पडलो, आणि बाकावर सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसला. मग अगदी हळू, घरातलं काही विचारावं तसं त्यानं विचारलं, "हात किती खाली घेतला होतात?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, आणि डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून त्याला वीत दाखवली.